तीन वर्षं उभी असलेली जेटबोट: आधी प्लग काढा, सेल नंतर मारा

गंगाखेडच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. पुराच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून गावातल्या पोरांनी वर्गणी काढून कोकणातून एक जुनी जेटबोट आणली. पाच जण बसतील एवढी, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, कार्बोरेटरवालं. तीन वर्षं ती सरकीच्या गोदामाला लागून पत्र्याच्या शेडमध्ये ट्रेलरवर उभी होती. पावसाळ्याआधी चालू करून बघू म्हणून बटण दाबलं तर नुसतं ‘टक’. बोलेरोची बॅटरी जोडल्यावर सेल, म्हणजे स्टार्टर मोटर, फिरला, पण इंजिन काही धरेना. इंजिन गरम होऊ नये म्हणून धुण्याच्या तोटीला पाइप लावला, नळ सोडला आणि थांबत थांबत अर्धा तास सेल मारला. मग स्टार्टिंग स्प्रे मारला, तेव्हा दोन सेकंद भडकलं आणि विझलं. आता सेल अर्धा वेढा जातो आणि ‘धप्’ करून अडकतो. सेल जळाला का, नवा कुठे मिळेल आणि लांब टॉमी (लोखंडी दांडा) लावून इंजिन जोरानं फिरवलं तर सुटेल का, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, टॉमी बाजूला ठेवा आणि बटणाला आता हात लावू नका. तुमचा सेल बहुधा ठीक आहे. तुमच्या इंजिनात पाणी गेलंय. ही गोष्ट परवाची आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून बाकी सगळ्याच्या आधी हेच सांगतो. हे काम उद्यावर ढकलण्यासारखं नाही.

पाणी गेलं कसं ते समजून घ्या. जेटबोटीचा सायलेन्सर पाण्यानं थंड होतो. इंजिन चालू असताना धुराचा जोर ते पाणी मागं ढकलत बोटीबाहेर फेकतो. इंजिन बंद असेल आणि नळ चालू असेल तर ढकलणारं कोणी नाही. सेलच्या फिरण्यात तेवढा दम नसतो. पाणी सायलेन्सरच्या डब्यात साठतं, डबा भरला की एक्झॉस्टच्या पाइपातून वर चढतं आणि सिलिंडरमध्ये उतरतं. टू-स्ट्रोकला एक्झॉस्टचा व्हॉल्व नसतो. पिस्टन खाली गेला की भोक उघडंच. तुम्ही अर्धा तास नळ सोडून सेल मारलात म्हणजे अर्धा तास इंजिनला पाणी पाजलंत. पाणी काही हवेसारखं दबत नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना त्यावर आपटतो आणि ‘धप्’ आवाज येतो. अशा वेळी टॉमीनं जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल, आणि वाकलेल्या रॉडचं इंजिन पुन्हा भरवशाचं राहत नाही.

नियम असा आहे: आधी इंजिन चालू, मग नळ सुरू. बंद करताना आधी नळ बंद, मग एक-दोनदा रेस देऊन उरलेलं पाणी फेकायचं आणि मग इंजिन बंद. पाण्याशिवाय इंजिन दहा-पंधरा सेकंद चाललं तर काही बिघडत नाही, त्याच्या पुढं मात्र नको. हा क्रम बोटीच्या डॅशबोर्डवर ऑइल पेंटनं लिहून ठेवा, कारण पुराच्या गडबडीत बोट कोण चालवेल ते सांगता येत नाही.

आता आजचं काम. बॅटरीची काळी तार आधी सोडा, मग लाल. पेट्रोलचा कॉक बंद करा. इंजिनवरचं झाकण उघडून बोट अर्धा तास तशीच उघडी राहू द्या. तुम्ही आत स्प्रे मारलाय, आणि त्याची नि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यानं बोटीच्या तळात बसून राहते. नाकाला वास येतोय तोवर विजेचं काही काम करायचं नाही. बिडी-सिगारेटवाल्याला शेडच्या बाहेर बसवा. हात घालण्याआधी काठीनं आत ठोकून बघा. तीन वर्षं उभ्या असलेल्या बोटीत एकदा मला कातीसकट साप सापडला होता.

दोन्ही प्लग काढा. काढतानाच एखाद्या भोकातून पाणी वर येईल. हातमोजे घालून इंजिन आणि जेटपंप यांच्यामधला शाफ्ट हातानं फिरवा. पाणी निघून गेलं असेल तर तो जड का होईना, पण फिरेल. फिरला तर जीव भांड्यात पडला म्हणा. मग ट्रेलरची पुढची बाजू उचला, म्हणजे बोटीचं तोंड वर आणि मागची बाजू खाली. सायलेन्सरच्या डब्यातलं पाणी बारीक नळी घालून जमेल तेवढं ओढून काढा. चुकूनही मागची बाजू उचलू नका, नाहीतर डब्यातलं पाणी परत इंजिनकडं येईल.

त्यानंतर बॅटरी जोडा. प्लगच्या टोप्या इंजिनवर त्यांच्यासाठी दिलेल्या खुंट्यांवर बसवा. खुंट्या नसतील तर भोकांपासून लांब, इंजिनच्या बॉडीला नीट चिकटवून ठेवा, कारण भोकांतून वाफ बाहेर येत असते आणि तिथं ठिणगी नको. भोकांवर फडकं टाका, तोंड बाजूला ठेवा आणि पाच-पाच सेकंद सेल मारा. मध्ये अर्धा मिनिट विश्रांती द्या. पिचकाऱ्या उडतील. फडकं कोरडं राहू लागलं की प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल ओता, थोडं कार्बोरेटरच्या घशातूनही सोडा आणि पुन्हा दोन-तीनदा फिरवा.

हे कार्बोरेटरमधून ऑइल सोडणं टाळू नका. टू-स्ट्रोकचं खरं मर्म सिलिंडरच्या खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या डब्यात असतं. तिथल्या बेअरिंगांवर ऑइलचा पातळ थर असतो, आणि पाणी बसलं की तो धुऊन जातो. २०१९ च्या उन्हाळ्यात नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, मृतसाठ्याच्याही खाली गेला, काठ दूर आत सरकला आणि इकडच्या बोटी सगळ्या शेडमध्ये गेल्या. ऑगस्टमध्ये नाशिककडच्या पाण्यानं धरण भरलं तशी सगळ्यांना एकदम घाई झाली. त्यातली एक बोट माझ्याकडे आली ती तुमच्यासारखीच, नळ सोडून सेल मारलेली. मालकानं पाणी काढलं होतं, पण ऑइल सोडलं नव्हतं, आणि मी दुसऱ्या कामात होतो म्हणून ती पाच दिवस तशीच पडून राहिली. उघडली तेव्हा क्रँकच्या बेअरिंगवर तांबूस गंज होता. इंजिन चालू झालं, पण महिनाभरात खडखडायला लागलं आणि क्रँक बदलावा लागला. ते पाच दिवस मला आजही बोचतात. फोनवरून ‘आधी ऑइल सोडा’ एवढं मी सांगितलं असतं तरी ते इंजिन वाचलं असतं. म्हणून तुम्हाला घाई करतोय.

प्लग काढूनही शाफ्ट हलत नसेल तर अडलंय कुठं ते शोधावं लागेल, इंजिनमध्ये की पंपात. मागचा जेटपंप काही बोल्टवर बसवलेला असतो. तो सोडून मागं ओढा आणि मग इंजिन एकटं फिरतंय का बघा. फिरलं तर दोष पंपाचा. इम्पेलर म्हणजे पाणी ढकलणारा पंपातला पंखा. मराठवाड्यात तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही, प्रत्येक बोअरच्या मोटरमध्ये तो असतोच. जेटबोट म्हणजे तसाच एक पंप आहे, फक्त पाणी वावरात न सोडता मागं फेकणारा. इम्पेलर आणि त्याच्याभोवतीची रिंग यांच्यात फार थोडी फट असते. तुमची बोट समुद्रातून आलेली आहे. ती गोड्या पाण्यानं नीट धुतली गेली नसेल तर त्या फटीत मीठ आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी घट्ट बसते. जाळ्याचा नायलॉन दोराही शाफ्टला गुंडाळलेला सापडतो. पंपात हात घालताना बॅटरी सुटी असलीच पाहिजे. या बाबतीत कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवू नका, तार स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

इंजिनच अडलं असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी हातानंच मागं-पुढं हलवून बघा. दोन दिवसांत सुटलं नाही तर हेड उघडावं लागेल, आणि ते काम जाणकार मिस्त्रीकडंच द्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाणी जाण्याच्या आधी ती चालू का होत नव्हती? उत्तर तुमच्या मजकुरातच आहे. स्प्रे मारल्यावर दोन सेकंद पेटली म्हणजे ठिणगी आहे आणि थोडंफार कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमधला दाबही आहे. नाही ते पेट्रोल. निदान पेटण्याजोगं पेट्रोल तरी नाही.

तीन वर्षं टाकीत राहिलेलं पेट्रोल हे पेट्रोल उरत नाही. त्यातला हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो आणि मागं डिंकासारखा चिकट गाळ राहतो. त्यात आपलं पेट्रोल इथेनॉलचं आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे झालं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल एका मर्यादेपलीकडं गेली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाला बसतं, आणि इंजिनची नळी तळातूनच ओढते. तुम्हाला हे डोळ्यांनी बघता येईल. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर हलवू नका. दोन थर दिसले तर तेच कारण. एकच थर असेल पण रंग चहासारखा आणि वास वार्निशसारखा येत असेल, तरी ते फेकायचंच. तोंडानं ओढून काढू नका, दहा-पंधरा मिनिटांत काम करणारा हातपंप बाजारात मिळतो. ते पेट्रोल मोटारसायकलमध्येही घालू नका.

टाकी रिकामी केल्यावर नळ्या बघा. हात लावल्यावर कडक लागते, वाकवल्यावर तडे दिसतात ती नळी बदला, एकही ठेवू नका. नव्वदच्या दशकातल्या काही बोटींना करड्या रंगाच्या पेट्रोलच्या नळ्या असत. त्या आतून विरघळतात आणि त्यांचा हिरवट चिकटा कार्बोरेटरच्या आतल्या बारीक जाळीवर बसतो. ही जाळी कार्बोरेटरच्या पोटात असल्यामुळे बाहेरचा फिल्टर कितीही वेळा बदलला तरी दोष जात नाही. या इंजिनांच्या कार्बोरेटरला डायफ्रॅमचा, म्हणजे पातळ लवचिक पडद्याचा पंप असतो. तीन वर्षांत तो डायफ्रॅम पापडासारखा ताठ होतो. किट आणून दोन्ही कार्बोरेटर एकदाच करा, एक आज आणि एक पुढच्या वर्षी असं नको. कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांत, तार घालायची नाही, क्लीनर आणि हवा एवढंच. आणि क्रँककेसपासून या पंपाकडे येणारी एक बारीक नळी असते. तिच्यातल्या दाबानंच पंप चालतो. ती कुठं तडकली असेल तर बाकी सगळं नवं टाकूनही पेट्रोल वर येणार नाही. फूटव्हॉल्वनं हवा धरली की विहिरीवरची मोटर पाणी उचलत नाही, तसंच हे.

टाकीच्या हवेच्या नळीत फुंकून बघा. शेडमध्ये उभ्या बोटीत कुंभारीण माशी हमखास मातीचं घर करते, आणि ते नेमकं त्या नळीच्या तोंडाशी असतं. तुमच्या शेजारी सरकीचं गोदाम आहे म्हणजे उंदीर आलेच. वायरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टॉर्चच्या उजेडात बघून घ्या. कुरतडलेल्या तारेला नुसती टेप गुंडाळू नका, बोटीत ती ओल धरते.

जुनी इंजिनं साधारण १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनलेली आहेत. २० टक्क्यांत पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होते आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन जास्त तापतो. कार्बोरेटर उघडलेच आहेत तर अनुभवी माणसाकडून त्यांचं मिश्रण थोडं जाड, म्हणजे जास्त पेट्रोलचं करून घ्या. आणि यापुढं वापर संपला की टाकीत पेट्रोल ठेवू नका. पेट्रोल कॅनमध्ये काढा आणि कार्बोरेटर कोरडे होईपर्यंत इंजिन चालवून बंद करा.

ऑइलबद्दल एक गोष्ट. तुमच्या बोटीला ऑइलची वेगळी टाकी आणि ऑइल-पंप असेल. तीन वर्षांनंतर त्या पंपावर पहिल्याच दिवशी विसंबू नका. त्याच्या पारदर्शक नळ्यांत हवेचा बुडबुडा असेल तर इंजिन मिनिटाभरात कोरडं पडतं. पहिली टाकी पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालवा, ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. इंजिनच्या पुस्तिकेत सांगितलेलंच ऑइल घ्या. धूर जास्त येईल, येऊ द्या. स्टार्टिंग स्प्रे मात्र पुन्हा नको. त्यात ऑइल नसतं, सिलिंडर कोरडा होतो आणि बंद बोटीत भडका उडण्याची भीती वेगळी. इंजिनला चव द्यायचीच असेल तर हेच मिसळलेलं पेट्रोल प्लगच्या भोकात एक चमचा.

बॅटरी नवीच घ्या. जुनी चार्ज झाल्यासारखी दाखवते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तीन वर्षं रिकामी पडलेली बॅटरी आतून संपलेली असते. मीटर असेल तर पडताळा: भरलेली १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि सेल मारताना ९.६ च्या खाली जायला लागली की ती निकामी. मीटर भरलेली दाखवतोय आणि तरी ‘टक’च येतंय, तर इंजिनच्या बॉडीला येणारी काळी तार सोडून घासा. समुद्रातल्या बोटीत दोष बऱ्याचदा तिथंच निघतो. आणि एक साधी गोष्ट, जिच्यापायी मी माणसांना दोन-दोन दिवस वाया घालवताना पाहिलंय: मनगटाला बांधायच्या दोरीची क्लिप जागेवर नसेल तर बोट सेल मारत नाही.

सेल, अल्टरनेटर, पेट्रोल-पंप यांतलं काही बदलायची वेळ आली तर गाडीचं बसवू नका. मापाला बसलं तरी नको. बोटीच्या भागांतून ठिणगी बाहेर पडू नये अशी त्यांची बांधणी असते, गाडीच्या भागांची नसते. गाडीखालची वाफ वाऱ्यानं उडून जाते, बोटीतली तळातच राहते.

सगळं जुळलं की नवे प्लग बसवण्याआधी कॉम्प्रेशन मोजा. दोन्ही प्लग बाहेर, एक्सलेटर पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. १२० ते १५० पीएसआयच्या दरम्यान आणि दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नाही, एवढं आलं तर इंजिन कामाचं आहे. एक १४० आणि दुसरा ९० आला तर नदीवर जाऊ नका, आधी ते इंजिन उघडा.

पाण्यात उतरवण्याआधी बोटीच्या मागच्या बाजूचे ड्रेन प्लग लावलेत का ते बघा. उभी करताना ते काढलेले असतात आणि बोट बुडायला लागल्यावर आठवतात. ब्लोअर, म्हणजे तळातली वाफ बाहेर काढणारा पंखा, किमान चार मिनिटं चालवा, मग झाकण उघडून नाकानं खात्री करा, मगच बटण. कमरेएवढं तरी पाणी असलं पाहिजे. उथळ पाण्यात चालू केलीत तर पंप गोदावरीची वाळू आणि खडे ओढेल आणि इम्पेलरची धार जाईल. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात ही बोट उथळ नद्यांसाठीच घडवली हे खरं, पण ती उथळ पाण्यावरून वेगात निघून जाते, उथळ पाण्यात उभी राहून चालू होत नाही. पहिल्या दिवशी काठाला लांब दोर बांधलेला असू द्या, वल्हं आत ठेवा, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट. पाच मिनिटं चालवून बंद करा आणि झाकण उघडून पाणी किंवा पेट्रोल गळतंय का बघा. क्रँकमध्ये राहिलेली ओल इंजिनच्या गरमीनंच जाते, म्हणून त्याच दिवशी आणखी अर्धा तास हळू चालवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुरासाठी बोट घेतलीय म्हणून सांगणं माझं काम आहे. या बोटीला बहुधा न्यूट्रल नाही, इंजिन चालू म्हणजे इम्पेलर फिरतोच. मागं पंखा उघडा नाही म्हणून ती बुडणाऱ्या माणसाजवळ न्यायला सुरक्षित, असं लोक समजतात. पण खालच्या जाळीतून ती पाणी ओढते, आणि त्याबरोबर लुगड्याचा पदर, केस, दोर हेही ओढते. माणूस हाताच्या अंतरावर आला की इंजिन बंदच करायचं. आणि बंद केलं, किंवा नुसता एक्सलेटर सोडला, तरी स्टिअरिंग संपतं, कारण वळवतो तो मागं फेकला जाणारा पाण्याचा झोतच. समोर झाड आलं म्हणून घाबरून एक्सलेटर सोडणारा माणूस सरळ झाडावर जातो. वळायचं असेल तर थोडा एक्सलेटर धरावाच लागतो. ही सवय शांत पाण्यात पन्नास वेळा करून घेतलेल्या माणसाच्याच हातात पुरात बोट द्या.

शिवाय गोदावरीच्या पुरात पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचं काड, जलपर्णी सगळं वाहत येतं. त्यातलं मूठभर जाळीला लागलं तरी पंप हवा धरतो, इंजिन किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. माझं मत विचाराल तर भरल्या पुरात गावात शिरायला हवेची रबरी बोट आणि चार वल्ही जास्त कामाची. तुमची जेटबोट पूर ओसरायला लागल्यावर, पात्र मोकळं झाल्यावर, पलीकडच्या वस्तीवर औषधं आणि अन्न न्यायला वापरा. तिथं तिच्यासारखी दुसरी नाही.

आज रात्रीपर्यंत प्लग काढून ऑइल सोडलं की मला तीन गोष्टी कळवा: शाफ्ट हातानं फिरला का, कुठल्या सिलिंडरमधून पाणी जास्त निघालं आणि बाटलीत किती थर दिसले. त्यावरून कार्बोरेटरचं किट आधी मागवायचं की हेड उघडायचं, ते सांगतो.